कंपवातासाठी तोंडात घालायचं उपकरण: बाबांचं नाव चाचणीत द्यावं का?

प्रश्न (लेक_७१):
बाबांना कंपवात होऊन ९ वर्षं झाली, लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा चालू आहे. गोळी उतरायला लागली की पाय जमिनीला चिकटतात, दाराच्या चौकटीत तर हमखास. आता एका चाचणीबद्दल कळलंय, खालच्या दातांवर बसणारं एक उपकरण आहे, त्याने जबडा जरासा खाली-पुढे राहतो आणि चालण्यात, उठण्याबसण्यात फरक पडतो का ते बघणार आहेत. माप घ्यायला गेलो तेव्हा नमुन्याचं एक तोंडात घालून बघितलं आणि बाबा खुर्चीतून एका झटक्यात उठले!! मी बघतच राहिले. भाऊ म्हणतो थोतांड आहे, आई म्हणते उद्याच नाव देऊया. कोणाला अनुभव?

दाढदुखी:
मी डेंटिस्ट आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही हे आधीच सांगते. जबडा, दात आणि चावायचे स्नायू यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूत जातात, जबड्याची ठेवण बदलली की तो संदेश बदलतो आणि त्याचा हालचालीवर परिणाम होत असेल अशी कल्पना आहे. कल्पना ठीक, पण सिद्ध झालेलं नाही, चाचणी त्यासाठीच असते ना. माझी काळजी वेगळीच आहे. कंपवातात लाळ जास्त तयार होत नाही, गिळणं कमी होतं म्हणून ती साठते, त्यात तोंडात अजून एक वस्तू. पाणी पिताना ठसका लागतो का बाबांना? दात हलतायत? कवळी आहे? जबडा आपोआप हलत राहतो का? यातलं काहीही असेल तर आधी सांगा. आणि सैल बसणारं उपकरण अजिबात नको, घशात गेलं तर भलतंच व्हायचं.

जुना_शुभंकर:
ते झटक्यात उठणं खोटं नाही पण त्यावर जाऊ नका. कंपवातात प्लासिबोचा, म्हणजे नुसत्या आशेनेच बरं वाटण्याचा, परिणाम फार जोरदार असतो, २००१ साली मेंदूचा पेट (PET) स्कॅन करून दाखवलं होतं की नुसती औषधाची आशा असली तरी पेशंटच्या मेंदूत खरोखर डोपामिन, म्हणजे कंपवातात कमी पडणारं रसायन, सुटतं. म्हणजे बाबा नाटक करत नव्हते, उपकरणाचंच काम होतं असंही नाही. शिवाय त्या वेळी गोळी घेऊन किती वेळ झाला होता? आमच्या हिच्या बाबतीत एका नव्या पट्ट्याचं आम्ही महिनाभर कौतुक केलं, नंतर लक्षात आलं की पट्टा आम्ही नेमका गोळीनंतर तासाभराने बांधायचो 😅

चालतं_बोलतं:
फिजिओ इथे. वरचं अगदी बरोबर, म्हणून चाचणीवाल्यांना दोन गोष्टी विचारा. एक, तुलनेला दिसायला तसंच पण जबडा न हलवणारं नकली उपकरण आहे का. दुसरं, गुण देणाऱ्याला कुठलं घातलंय ते माहीत असणार का. एमडीएस-यूपीडीआरएस ही कंपवात किती आहे ते गुणांत मोजायची पद्धत, तिच्या तिसऱ्या, हालचालींच्या भागात ३३ नोंदी असतात, प्रत्येकी ० ते ४, म्हणजे सगळ्यात वाईट १३२, आणि त्यातलं बरंचसं बघणाऱ्याच्या नजरेवर असतं. व्हिडिओवरून गुण दिले तर बरं, फक्त ताठरपणा हात लावल्याशिवाय कळत नाही. तपासणी गोळीच्या असरात की रात्रभर, म्हणजे साधारण १२ तास गोळी न घेता, हेही विचारा, कारण तशी सकाळ बाबांना जड जाईल आणि पडायची भीती. घरच्या घरी गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

घरी करण्यासारखं म्हणजे खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, घड्याळ लावून. रोज त्याच वेळी. वळताना किती पावलं लागतात तेही मोजा, तिथेच अडकतात बहुतेक जण.

लेक_७१:
अरे देवा, त्या दिवशी गोळी निघायच्या जरा आधी घेतली होती, म्हणजे नेमकी चढलेलीच!! ठसका लागतो अधूनमधून, ते आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं. उद्या फोन करून नकली उपकरणाचं विचारते. आज मोजलं तर २३ सेकंद, वळताना ९ पावलं. बाबा म्हणाले परत मोज, मला तयारीच करू दिली नाहीस.

दाढदुखी:
ठसक्याचं आधी दाखवा, चाचणी थांबेल आठवडाभर.