हलक्या होडीसाठी कोणती गाठ?
होडी खांबाला बांधायला क्लोव्ह हिच (खांबाभोवती एकमेकांना छेदणारे दोन वेढे देऊन मारलेली गाठ) सुचवली जाते; ती चटकन बसते हे खरे, परंतु हवा भरलेल्या लहान होडीसाठी केवळ तिच्यावर विसंबू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. होडी हलकी असल्यामुळे वाऱ्यालाटांनी दोर क्षणात ताणला जातो, क्षणात सैल पडतो आणि नेमक्या अशाच हेलकाव्यांत ती गाठ सरकत जाते. त्याऐवजी खांबाला दोन वेढे देऊन ताणलेल्या दोरावर दोन अर्धगाठी (दोराभोवती वळसा घेऊन टोक त्यातूनच ओढलेल्या साध्या गाठी) माराव्यात. दोरावर ताण असतानाही त्या सोडवता येतात, ही सोय बोलाइनमध्ये, म्हणजे दोराच्या टोकाला पक्का फास करणाऱ्या गाठीत, नाही. होडीच्या पुढच्या कडीला मात्र मी बोलाइनच बांधेन, कारण तिचा फास आवळत नाही. फक्त दोराचे मोकळे टोक दोराच्या जाडीच्या निदान दहा-बारा पट तरी ठेवावे, विशेषतः दोर नवा आणि गुळगुळीत असेल तर. ही कडी बहुधा होडीच्या कापडावर चिकटवलेली असते, त्यामुळे हिसक्यांनी गाठीआधी तिचा जोडच उखडू शकतो, म्हणून थोडा ताणला जाणारा नायलॉनचा दोर वापरावा. भरती-ओहोटीच्या पाण्यात दोर पुरेसा लांब सोडावा, अन्यथा पाणी उतरताच होडी खांबाला लटकते.