मोठं शहर सोडून गाडीशिवाय पान न हलणाऱ्या गावात गेलात का? अनुभव सांगा

डोंबिवलीची_वेणू
माळा आवरताना बाबांचा १९९६ चा रेल्वेचा पास सापडला. त्याच पाकिटात घडी घातलेलं बदलीचं पत्र. नाशिक, बढतीवर. तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "भाजीला जायचं तर मी कशाने जाऊ?" बाबांनी बढती सोडली आणि पुढची चौदा वर्षं डोंबिवली-व्हीटी केलं.

आता नवऱ्याला नाशिकच्याच अंबडमधल्या कंपनीतून बोलावणं आलंय. माझं काम चार दिवस घरून, एक दिवस मुंबईत. पाथर्डी फाट्याला घर बघून आलो. बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, हवा इतकी मोकळी की मुलगा तिथून हलेना. पण दूध सोडलं तर बाकी सगळं गाडीवर. मला सायकलसुद्धा येत नाही. आई ७१ वर्षांची, आमच्याबरोबरच येणार. परवा तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

कसारा_पार
२०१९, मुलुंडहून नाशिकचं इंदिरानगर. त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. आरटीओत आठ काढून दाखवला, लायसन्स आलं, तरी तीन महिने गाडी सोसायटीत उभी. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला की हाफ क्लचवर पाय लटलट कापायचा आणि मागून हॉर्न. मग रोज सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर एकच चढ, दहा दहा वेळा. आता त्र्यंबकेश्वरला एकटी जाऊन येते. वेणू, येतं गं. इथे यायच्या आधीच क्लास लाव. बाकीचं रात्री लिहिते, मुलीला सोडायला निघालेय.

भाजीभाकरी
कितवा मजला? उन्हाळ्यात टँकर लागतो का ते वॉचमनला विचार, बिल्डरला नाही.

पंचवटी_पासधारक
मुंबईच्या दिवसाबद्दल. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला सातच्या सुमारास, सीएसएमटीला पावणेअकरा. परत संध्याकाळी सव्वासहाची, घरात पाय ठेवेपर्यंत दहा. पाथर्डी फाट्याहून स्टेशन चांगलंच लांब, म्हणजे सव्वासहाला घर सोडायचं. त्या वेळी बसच्या भरवशावर राहू नका. मी स्कूटर स्टेशनवर लावतो. पावसात घाटात खोळंबा झाला तर तो दिवस गेलाच म्हणायचा. पण डब्यातली माणसं जिवाला जीव देणारी. माझ्या बायपासच्या वेळी आठ जण रक्त द्यायला आले होते.

कसारा_पार
@पंचवटी_पासधारक, आता तब्येत कशी आहे दादा?

पंचवटी_पासधारक
उत्तम. मिसळ बंद आहे तेवढीच.

भाजीभाकरी
नाशिकमध्ये राहून मिसळ बंद! दादा, तुमच्या वाटणीची मी खाईन :)

पारिजात_जर्सी
आमचं हेच, फक्त समुद्रापार. न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीत पाथ ट्रेन होती, भाजीला चालत न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यू. नवऱ्याच्या नोकरीसाठी अर्कान्सातल्या बेंटनव्हिलला आलो. घर मोठं, माणसं प्रेमळ, पण दोघांना दोन गाड्या हव्यातच. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "बाळा, घर छान आहे, पण आम्हाला बाहेर नेतेस तेव्हाच आम्ही बाहेर." फार लागलं. मग चार घरांनी मिळून वार वाटून घेतले. मंगळवारी मी सगळ्यांच्या आईबाबांना घेऊन लायब्ररीत, गुरुवारी दुसरी मैत्रीण मंदिरात.

परत_ठाण्याला
आम्ही संभाजीनगरला दोन वर्षं राहून परत आलो. शहराचा काही दोष नाही, मला तिथे फार आवडलं होतं. सासूबाई मूळ दादरच्या. रोज चारला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मैत्रिणी, येताना फुलं, एखादी बस. तिकडे रिक्षाचं भाडं ठरवायला त्यांना जमेना. मला नेऊन सोड असं कधी म्हणाल्या नाहीत. चप्पल घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, कुणी निघतंय का बघत. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. अजून आठवलं की घशाशी येतं. वेणू, घर बघताना आईंच्या पायांनी बघ.

पारिजात_जर्सी
वाचून डोळे भरले. त्या आता बऱ्या आहेत ना?

परत_ठाण्याला
हो, भजनी मंडळात आहेत. आज एकादशीचा फराळ करतायत, त्याच गडबडीत लिहिलं.

घाटावरचा_मास्तर
एक माहिती. नाशिकची शहर बस महापालिकेने २०२१ मध्ये सिटीलिंक नावाने सुरू केली, आधी एसटी चालवायची. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते या बसला नाही. घराजवळच्या थांब्यावर संध्याकाळी तासभर उभ्या राहून बघा, किती बस येतात ते आपसूक कळेल.

मोगरा२२
जुनी ऑटोमॅटिक कुणी विकतंय का? बहिणीला हवीये.

डोंबिवलीची_वेणू
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. परत_ठाण्याला, तुझी खुर्ची नवऱ्याला वाचून दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही. पाथर्डी फाट्याचं टोकन देत नाही आहोत. आधी वर्षभर भाड्याने, कॉलेज रोडच्या आसपास, जिथून दवाखाना, देऊळ, भाजी चालत. क्लासचे पैसे आज भरले. आईला सांगितलं, तर म्हणाली, "चालत म्हणजे किती चालत?" रविवारी तिला घेऊन जातोय, पिशवी घेऊन चालून बघणार आहे म्हणते.