बडोदा–जळगाव जनरल तिकीट नंदुरबारमार्गे काढलंय, आता नाशिकवरून जायचंय. मार्ग बदलून मिळेल का?

रावपुरा_टॉवर:
परवाच्या प्रवासाची बडोदा ते जळगाव दोन जनरल तिकिटं आज खिडकीवरून काढली. तिकिटावर वाया उधना–नंदुरबार छापलंय. आता आई म्हणते, वाटेत नाशिकला मावशीकडे एक रात्र थांबू. गाडीत टीसीला गाठून जादा भाडं भरलं तर चालेल का? सोसायटीत एक काका सांगतात, २५० रुपये दिले की कुठूनही जाता येतं.

दांडियाबाजार:
काकांचं ऐकू नका. २५० ही किमान दंडाची रक्कम आहे आणि ती भाड्याशिवाय वेगळी लागते. भाडं जितकं, तितकाच दंड किंवा २५०, जे जास्त असेल ते. वर मूळ भाडं.

शिवाय हा किरकोळ बदल नाही. नंदुरबारमार्गे जळगाव साधारण ४४० किमी. वसई रोड–कल्याण–नाशिकवरून तेच साधारण ७६० किमी. जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटरचा वळसा, म्हणजे तुमचं तिकीट वसईच्या दिशेने उधन्यापुढे (सुरतेनंतरचं स्टेशन) चालतच नाही. गाडीत पकडलं तर "मार्ग बदलायचा होता" हे कोण ऐकणार?

प्रवासाच्या आदल्या दिवशी रात्री १२ च्या आत तिकिटं खिडकीवर रद्द करा. माणशी ३० रुपये कापतात, म्हणजे तुमचे ६० जातील. आगाऊ काढलेल्या २०० किमीवरच्या तिकिटालाच ही मुदत आहे. त्याच दिवसाचं तिकीट असेल तर काढल्यापासून तीन तासांतच रद्द करावं लागतं. मोबाइलवरचं पेपरलेस असतं तर रद्दच झालं नसतं. कागदी आहे ते बरं.

रावपुरा_टॉवर:
समजलं. मग नवीन तिकीट एकच काढू की दोन? आणि एकाच तिकिटावर नाशिकला उतरता येईल का?

प्रतापनगर_लाइन:
येईल. ब्रेक जर्नीला, म्हणजे वाटेत उतरून मुक्काम करायला, दोन अटी: तिकीट ५०० किमीपेक्षा जास्त अंतराचं हवं आणि पहिला थांबा निघाल्यापासून ५०० किमी झाल्यानंतरच. तुमचं आत्ताचं तिकीट ४४० किमीचं, म्हणून त्यावर सुरतेलाही उतरून राहता येत नाही. कल्याणमार्गे मात्र नाशिक रोड साधारण ५३० किमीवर पडतं, थोडक्यात बसतं. त्याच तिकिटावर इगतपुरीला उतरलात तर नाही, ते ४८० च्या आसपास आहे.

१००० किमीपर्यंतच्या तिकिटावर एकच ब्रेक. मुक्काम जास्तीत जास्त दोन दिवस, त्यात पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरत नाहीत. नाशिक रोडला उतरलात की बाहेर पडण्याआधी स्टेशन मास्तर किंवा टीसीकडून तिकिटाच्या मागे स्टेशनचा कोड, तारीख आणि सही घ्या. लोक हेच विसरतात आणि पुढच्या गाडीत अडकतात.

खिडकीवर नुसतं "जळगाव" म्हणालात तर परत नंदुरबारचंच हातात येईल. "वाया वसई रोड, कल्याण, नाशिक रोड" असं सांगा आणि पैसे देण्याआधी छापलेलं वाचून घ्या. तो मार्ग संगणकात नसेल तर बडोदा–नाशिक रोड आणि नाशिक रोड–जळगाव अशी दोन काढा. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे दर उतरतो, म्हणून तुकड्यांत थोडं महाग पडतं. पण सेकंड क्लासला तो फरक एवढा नाही की सही-शिक्क्याची कटकट करावी. मी तर सरळ दोनच काढा म्हणेन.

दांडियाबाजार:
दोनच काढा, सहमत. फक्त गाडी बदलायची जागा आधी ठरवा. वसईहून दिव्याकडच्या मेमूच्या (कमी अंतराच्या विजेवरच्या गाडीच्या) फेऱ्या मोजक्या आहेत. दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरणार असाल तर तिकीट वाया दादर हवं. वाया वसई–कल्याणच्या तिकिटावर विरारच्या लोकलने दादरला जाणं चुकीच्या मार्गातच धरलं जाईल.

आणि सुपरफास्टमध्ये चढणार असाल तर सेकंड क्लासचा १५ रुपयांचा अधिभार तिकिटावर दिसला पाहिजे. १५ रुपये वाचवायला जाऊन २५० दंड भरणारे रोज असतात.

रावपुरा_टॉवर:
समजा नाशिक रोडपर्यंतच तिकीट आहे आणि गाडीतच ठरलं की न उतरता पुढे जळगावला जायचं, तर?

प्रतापनगर_लाइन:
हे मात्र टीसी करून देतो. नाशिक रोड येण्या*आधी* त्याला स्वतःहून सांगा. पुढच्या प्रवासाचं भाडं घेऊन जादा भाड्याची पावती देईल, दंड नाही. नाशिक रोड मागे पडल्यावर सापडलात तर दंडासकट. जनरल डब्यात टीसी क्वचितच फिरकतो, तेव्हा कल्याणला किंवा इगतपुरीला फलाटावर उतरून शोधा, किंवा गार्डला सांगा.

पावती हातात आली की कुठून–कुठे, प्रवासी किती, आणि भाडं व दंड वेगवेगळे लिहिलेत का ते तिथेच बघा. जुनं तिकीट टाकू नका, ती पावती त्याच्यासोबतच चालते.