१९ एकांची संख्या मूळ आहे, हे मुलांना कसं पटवायचं?

शिकवणीताई, देवळाली
आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. मंगळवारी एका मुलीनं विचारलं, "ताई, ११ मूळ आहे, मग नुसते एकच एक असलेल्या सगळ्याच संख्या मूळ असतात का?" बसलो करायला. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ ला ११ नं भाग गेला. १११११ नं वीस मिनिटं खाल्ली, मग ४१ आणि २७१ निघाले. सात एकांचे २३९ आणि ४६४९. मी सांगितलं की थेट १९ एकांची संख्या मूळ आहे. तर पोरगी म्हणते, "सगळ्यांनी भागून पाहिलं का कुणी?" भागून पाहायचं वर्गमूळापर्यंत, आणि या संख्येचं वर्गमूळच १०५ कोटींच्या वर जातं! "मोठ्यांनी सांगितलंय" हे उत्तर मला तिला द्यायचं नाही. ज्या देवळालीत कापरेकर सरांनी शाळा सांभाळून संख्यांचा ध्यास घेतला, तिथं तर नाहीच नाही.

गंगापूररोडकर
ताई, पोरीला शाबासकी द्या. एक चाळणी सांगतो. एक किती आहेत तो आकडाच मूळ नसेल, तर संख्या मूळ नसते. सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. आकडा मूळ असला, तर १११ मधला ३ सोडून बाकी अवयव ठरावीक साच्यातलेच. सात एकांचे दोन्ही अवयव पाहा, १४ नं भागले की बाकी १. एकोणीस एकांसाठी ३८ नं भागून बाकी १ उरणारेच अवयव चालतील.

सिडकोचा गणितवाला
तरी लाखो भागाकार उरतात. खरी गंमत शेजारच्या संख्येत आहे. १९ एकांतून १ वजा करा. राहतात १८ एक आणि शेवटी शून्य, आणि हिचे अवयव पूर्ण पडतात: २, ३ (दोनदा), ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९, ३३३६६७. लुका आणि लेमर यांची कसोटी इथं लागते. अशी एक संख्या शोधायची, जिचा घात या शेजारणीइतका घेऊन १९ एकांनी भागलं की बाकी १ उरते. पण शेजारणीला वरच्या दहांपैकी कुठल्याही अवयवानं भागून जे येईल तेवढाच घात घेतला, तर बाकी १ उरत नाही. अशी एक जरी सापडली, तरी १९ एक मूळच. घात संगणकाकडून काढून घ्या, पण तपासण्या फक्त अकरा.

नाशिकरोड_७४
याच एकांचे वर्ग म्हणजे १२१, १२३२१. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो म्हटलं, डोंबिवली स्टेशनवरून.

शिकवणीताई, देवळाली
काल रात्री हातानं केलं. ५२५७९ गुणिले १९, आले ९९९००१. त्याला १००१ नं गुणलं तर १००००००००१, म्हणजे एकावर नऊ आकडे, शेवटी पुन्हा १. आणि नऊ एकांना यानं गुणलं की अठरा एक! २३ एकांची संख्याही मूळ आहे, तिची शेजारीण २२ एक आणि शून्य. त्यातल्या अकरा एकांचे अवयव, २१६४९ आणि ५१३२३९, मुलांना देते. उरलेला भाग १०००००००००००१ नव्हे, १००००००००००१ आहे, एवढं सांगून बाकी त्यांच्यावर सोडणार.