सल्ला हवा: परदेशातून वार्तांकनासाठी कोणती फेलोशिप?

रात्रपाळी:
नऊ वर्षं दैनिकात बातमीदारी करते आहे, विषय पर्यावरण आणि स्थलांतर. सध्या ज्या बातमीच्या मागे आहे तिचा माग सीमेपलीकडे जातो आणि तो फोनवरून लागणारा नाही. कार्यालयाकडे परदेश दौऱ्यासाठी पैसे नाहीत. शोधायला बसलं की नावं ढिगाने निघतात, पण बातमीसाठी पाठवणारी कोणती आणि वर्गात बसवणारी कोणती, हेच उमगत नाही. शिवाय मी इंग्रजीत लिहीत नाही. अनुभवींनी कृपया सांगावं.

बोरू:
हार्वर्डची नीमन (१९३८ पासून) आणि ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिप या अभ्यासाच्या. धावपळीतून बाहेर पडून वाचायला, विचार करायला वेळ मिळतो. तो मोलाचाच, पण तुमची बातमी तिथे जागची हलणार नाही.

तुम्हाला हवं आहे ते वार्तांकनाचं अनुदान. त्यासाठी वॉशिंग्टनचं पुलित्झर सेंटर आधी पाहा. २००६ साली सुरू झालं, पुलित्झर पुरस्काराशी त्याचा संबंध नाही. ते प्रवासाचा आणि प्रत्यक्ष वार्तांकनाचा खर्च उचलतात. हवामान परिषदेला जायचं असेल तर इंटरन्यूजचं अर्थ जर्नलिझम नेटवर्क आहे. महिला पत्रकारांसाठी इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशन (१९९०) आहे, तिथलीही अनुदानं बघा.

पात्रता मात्र पहिल्यांदा वाचा. आर्थर बर्न्स फेलोशिप फार चांगली, पण ती जर्मनी आणि उत्तर अमेरिकेतल्या पत्रकारांचीच. डाग हॅमरशोल्ड फंड विकसनशील देशांतल्या २५ ते ३५ वयाच्या पत्रकारांना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वार्तांकनासाठी न्यूयॉर्कला नेतो. तिथे इंग्रजी चांगलं लागतं.

पाठीवरबिऱ्हाड:
मी स्वतंत्र पत्रकार. माझा पहिला अर्ज एका पत्रामुळे पडला. संपादकांनी दोनच ओळी दिल्या होत्या: 'मजकूर आल्यावर प्रसिद्धीचा विचार करू.' पैसे देणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. पुढच्या वेळी मी बसून लिहून घेतलं: किती भाग, अंदाजे किती शब्द, छायाचित्रं कोण काढणार, कोणत्या महिन्यात छापणार. विषय तोच होता आणि अनुदान मिळालं.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. 'स्थानिक खर्च' असा एक गोळा आकडा टाकू नका. फिक्सरचे (तिथल्या ओळखी आणि भेटी जुळवून देणारा स्थानिक मदतनीस) दिवस किती, त्याचा रोजचा दर किती, गाडी वेगळी, दुभाषा वेगळा, असं मांडा. फिक्सरचा दर त्यालाच विचारून लिहा. धोका त्याच्याही वाट्याला येतो आणि आपण परतल्यावर तो तिथेच राहतो, त्यामुळे त्याच्या पैशात काटकसर मला मान्य नाही. विमा धरा. जोखमीचा आराखडा कसा लिहायचा हे रोरी पेक ट्रस्टच्या साहित्यातून मी शिकले, ही संस्था स्वतंत्र पत्रकारांसाठीच काम करते.

रात्रपाळी:
दोघांचेही मनापासून आभार. वय ३६, म्हणजे न्यूयॉर्क बाद. भाषेचं काय करायचं? आणि पर्यटक व्हिसावर जाऊन काम उरकता येतं का?

बोरू:
व्हिसाच्या बाबतीत अजिबात धोका पत्करू नका. अमेरिकेसह अनेक देशांत पत्रकारांचा व्हिसा वेगळा असतो. पर्यटक म्हणून गेलात आणि अडवलं, तर टिपणवही आणि फोनसकट तुमचे सूत्रही उघडे पडतात. मंजुरी येण्याआधीच वकिलातीकडे किती आठवडे लागतात ते विचारून तारखा ठरवा.

भाषेसाठी तुमच्या सर्वांत चांगल्या तीन बातम्यांचा अनुवाद जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि प्रत्येकीवर चार ओळी लिहा: काय उघड केलं, पुढे काय घडलं. तुमचा वाचक दुसऱ्या भाषेतलं वार्तांकन वाचत नाही, हे अर्जात ठासून सांगा. ती बातमी त्याच्यापर्यंत नेणारं दुसरं कोणी नाही.

पाठीवरबिऱ्हाड:
प्रस्तावाचं पहिलं वाक्य इथे टाका ना, वाचून सांगते. फक्त जागेचं आणि माणसांचं नाव गाळा.