वृद्धाश्रमातल्या ख्रिस्ती आजी-आजोबांसाठी उपासना : आमच्या बेतात काय चुकतंय?

सेवा_माजिवडा
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या एका वृद्धाश्रमात आमच्या चर्चच्या गटाला महिन्यातून दोनदा यायची परवानगी मिळाली आहे. तिथे आठ-दहा जण ख्रिस्ती आहेत (कॅथलिक, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, मेथडिस्ट असे सगळे), बाकीचे हिंदू आणि जैन. दोन-तीन जण अंथरुणाला खिळलेले, काहींना स्मृतिभ्रंश. बेत असा : रविवारी संध्याकाळी सहाला हॉलमध्ये माइक लावून तासभर उपासना, मग खाऊवाटप. प्रभुभोजन (कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर आणि द्राक्षारस) द्यावं की नाही, हाही प्रश्न आहे. माहीतगारांनी कृपया सांगावं.

परिचारिका_ऐरोली
ताई, आधी वेळ बदला. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल दिवस कलल्यावर वाढते, त्यामुळे सहाची वेळ त्यांच्यासाठी सगळ्यांत वाईट. सकाळी साडेदहा ते साडेअकरा घ्या : आंघोळी, नाश्ता, गोळ्या उरकलेल्या असतात आणि जेवणाला अवकाश असतो. रविवारही नको. त्या दिवशी घरची माणसं भेटायला येतात, आणि तुमच्यापैकी कुणी नवी मुंबईहून येणार असेल तर ट्रान्स-हार्बर लोकलला पुष्कळदा मेगाब्लॉक असतो. शनिवार बरा.

तासभर फार झालं. अर्धा तास एकत्र बसा आणि उरलेला वेळ खोल्यांमधून फिरा. खाटेवरच्या माणसाला तुमच्या उपासनेतलं काहीच मिळत नाही, खरी गरज तिथे आहे.

माइक नकोच. म्हातारपणी आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. आवाज मोठा केला की तो फाटतो, पण शब्द कळत नाहीत. पंखा कमी करा, टीव्ही बंद करायला सांगा, तीन-चार फुटांवर, चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसा आणि खालच्या पट्टीत सावकाश बोला. श्रवणयंत्र कानात असलं तरी चालू आहे का ते पाहा, पुष्कळदा सेल संपलेला असतो.

खाऊ नर्सला विचारल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका. मधुमेह सगळ्यांच्या ध्यानात असतो, किडनीचा आजार नसतो. नारळपाणी आणि केळी आपण पौष्टिक म्हणून नेतो, पण दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी निकामी असलेल्याला ते थेट धोक्याचं. नाताळच्या नेवऱ्या, कलकल गिळायला त्रास असलेल्याच्या घशात अडकतात.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती नाही म्हणजे नाही. सेलवरची वापरा. कुणाला उठवायला, खुर्चीत बसवायला हात लावू नका, ते काम आयाबाईंचं. व्हीलचेअर थांबली की दोन्ही ब्रेक लागलेत ना, तेवढं बघा. गटात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या वेळी त्यांनी घरीच थांबावं.

पेटी_नेरूळ
गाण्यांचं सांगतो. नवी कोरसं बाजूला ठेवा. या पिढीच्या तोंडी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीतं आहेत, ना. वा. टिळकांची भजनं आहेत. चर्चमध्ये काळी दोनला म्हणत असाल तर इथे पांढरी एकला उतरवा, वयाबरोबर वरचे सूर लागेनासे होतात. लय संथ, आणि कडव्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडा. शब्द 22-24 पॉइंटच्या ठळक अक्षरात, एका पानावर एकच गीत, मागची बाजू कोरी. कागद गुळगुळीत नको, उजेड चकाकतो. पाठीला पुठ्ठा लावा म्हणजे थरथरत्या हातात पान दुमडत नाही.

भाषाही विचारून घ्या. ठाण्यातल्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या कॅथलिक समाजातल्या) आजीला मराठी आपली वाटेल, पण मंगळूरच्या आजोबांची प्रार्थना कोकणीत असते आणि केरळच्यांची मल्याळममध्ये. ‘हे आमच्या पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना प्रत्येकाला आपापल्या भाषेत म्हणू द्या. गोंधळ होतो, होऊ द्या.

धर्मग्राम_चेंदणी
प्रभुभोजन सरसकट देऊ नका. कॅथलिकांसाठी त्यांच्या हद्दीतल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना कळवा. फादर स्वतः येतात किंवा नेमलेला प्रापंचिक (धर्मगुरू नसलेला) सेवक कम्युनियन घेऊन येतो. आधीचा तासभराचा उपास वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. हे ठाऊक नसल्याने कित्येक आजी चहा घेतला म्हणून नको म्हणतात. त्यांना आवर्जून सांगा.

कोरड्या तोंडात होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) टाळूला चिकटते. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, नखाएवढा तुकडा आणि मागून चमचाभर पाणी. पण ज्यांना पातळ पदार्थ घट्ट करून दिले जातात त्यांना ते पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून नर्सला विचारून मगच. अजिबात घन गिळता येत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देण्याची सोय चर्चच्या कायद्यात आहे. प्रॉटेस्टंट मंडळींसाठी त्यांचे पाळक (पास्टर) येतील, तिथेही गिळण्याची हीच काळजी.

आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मरणाच्या दारातच घ्यायचा असतो, हा समज अजून जात नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितलं की आजाराने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तीच योग्य वेळ. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. तो देणार मात्र धर्मगुरूच.

सेवा_माजिवडा
फार उपयोग झाला. अजून दोन गोष्टी. एक आजी दर दोन मिनिटांनी “मुलगा कधी येणार?” विचारतात, आणि तो वारला आहे. आणि इतर धर्मांचे लोक कुतूहलाने येऊन बसले तर?

परिचारिका_ऐरोली
“तो गेला” असं दर वेळी सांगितलं तर त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. “येईल” हे खोटं. त्याचं नाव विचारा, लहानपणी काय आवडायचं ते विचारा. त्यांना मुलाविषयी बोलायचं असतं. मग हात हातात घेऊन बायबलमधलं तेविसावं स्तोत्र सुरू करा, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” इथे थांबा आणि मनात दहापर्यंत मोजा. ज्यांना आपल्या खोलीचा नंबर आठवत नाही त्यांच्याही ओठांवर पुष्कळदा “मला काही उणे पडणार नाही” येतं. नाही आलं तर आपणच हळू म्हणायचं, परीक्षा घ्यायची नाही. भाषांतर त्यांच्या शाळकरी वयातलं हवं, नव्यातले शब्द जुळत नाहीत.

धर्मग्राम_चेंदणी
हॉलऐवजी वेगळी खोली मागा. व्यवस्थापकांकडून दिवस, वेळ आणि येणाऱ्यांची नावं लेखी घ्या. कुणी आपणहून येऊन बसलं तर स्वागत, पण पत्रकं वाटायची नाहीत, आणि ज्याला संमती देण्याइतकी समज उरलेली नाही अशा अन्यधर्मीय माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. त्याच्या म्हातारपणाचा मान राखायचा तो असा. फोटो काढायचे नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. मारहाण, उपासमार कानावर आली तर तिथे वाद न घालता तारीख लिहून ठेवा आणि ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनला कळवा.

एक वही करा : नाव, खोली, भाषा, पंथ, कोणत्या कानाने ऐकू येतं, गिळण्याचा त्रास, आवडतं गीत, शेवटचं कम्युनियन कधी. आणि कोणत्या चर्चचे सभासद, दफन कुठे हवं, रात्री फोन कुणाला करायचा. हे शेवटचं तीन ओळींत लिहून एक प्रत वृद्धाश्रमाच्या फाइलला लावून ठेवा. रात्री दोन वाजता माणूस जातो तेव्हा ड्युटीवरच्या मुलीला तो कुठल्या पंथाचा हे ठाऊक नसतं, आणि कब्रस्तानासाठी सगळ्यात आधी तेच विचारतात.