मदत हवी आहे: एच-इंडेक्स ११ लिहू की ४? (तातडीचं)

वैनगंगाकाठ:
शुक्रवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. एच-इंडेक्स म्हणजे पेपर किती आणि त्यांचे उल्लेख किती यावरून काढतात तो आकडा. गूगल स्कॉलरवर माझा ११ दिसतो आणि स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर ४. सायटेशन (इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख) तिकडे चारशेच्या वर, इकडे शंभरही नाहीत. एवढा फरक कसा? कोणता आकडा लिहू? कार्यालयात फोन केला तर "जो असेल तो लिहा" म्हणतात. लवकर सांगा, आमच्या गावात दुपारनंतर नेट राहत नाही.

बजाजचौक:
फॉर्म कशाचा? भरती, प्रमोशन की प्रोजेक्टची ग्रँट? डेटाबेसचं नाव दिलंय का त्यात?

संत्रामोसंबी:
आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. फुकट आहे, १६ आकडी नंबर मिळतो. मी काढला तेव्हापासून निवांत आहे.

वैनगंगाकाठ:
ऑर्किडचं विचारलंच नाही मी. भरतीचा फॉर्म आहे. "एच-इंडेक्स" आणि "एकूण सायटेशन" असे दोन रकाने, बाकी काही नाही.

काळीमाती:
ताई, या आकड्याले एवढं काहून भेता? २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढलेलं हे माप. आपल्या गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांचा नवजात बाळांवरचा पेपर १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचं काम पुढं देशभरातल्या आशाताईंकडे आलं, त्यामागे तो अभ्यास आहे. एच-इंडेक्स काढताना मात्र तो पेपर एकच धरला जाते, त्याले कितीही सायटेशन असू द्या. मंग हे माप कोणाच्या कामाचं?

बजाजचौक:
काळीमाती भाऊ, म्हणणं पटतं. पण रकाना रिकामा ठेवला तर तिचा अर्ज छाननीतच जाईल. लॅन्सेट तिथं वाचवायला येणार नाही.

काळीमाती:
असं म्हणूनच तर हे रकाने वाढत चालले ना बावा.

झटपटपेपर:
पब्लिकेशन कमी पडत असतील तर आठ दिवसांत छापून देणारे आहेत. मेसेज करा.

पुस्तकघर_पुलगाव:
झटपटपेपर, इथं असली दुकानदारी नको. ताई, अशा जर्नलमध्ये पेपर गेला की छाननी समिती चांगल्या पेपरांकडेही संशयानं बघते.
आता तुमचं. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या छाननीआधी टाकलेले पेपर), परिषदांचे गोषवारे यांतलेही उल्लेख मोजतं. स्कोपस स्वतः निवडलेली जर्नलं, पुस्तकं, परिषदाच धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा कमीच असतो. पण ११ आणि ४ हे अंतर फार झालं. सगळ्या पेपरांवर नाव एकसारखंच आहे ना?

वैनगंगाकाठ:
लग्नाआधीचे माहेरच्या आडनावानं आहेत, नंतरचे सासरच्या. मधलं अक्षरही आधी वडिलांचं, मग यांचं. ते तर सगळ्यांचंच असतं ना?

पुस्तकघर_पुलगाव:
तिथंच गाडी अडली आहे. स्कोपसला तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती वाटता. माहेरच्या नावानं लेखक शोधा, प्रोफाइल वर्गणीशिवायही दिसतं. सापडलं की दोन्ही एकत्र करायची विनंती तिथूनच पाठवता येते. पण ४ मध्ये दुसरा आकडा मिळवून लिहू नका. दोन्ही प्रोफाइलमधले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं एका कागदावर मांडा. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाएवढी किंवा जास्त आहेत, तो तुमचा एच-इंडेक्स.
स्कॉलरही तपासा. नावाची अक्षरं जुळली की तो दुसऱ्याचे पेपर आपल्या खात्यात घालतो. ते काढून टाका.

संत्रामोसंबी:
ऑर्किडमध्ये दोन्ही नावं टाकता येतात, म्हणूनच सांगत होतो.

पुस्तकघर_पुलगाव:
ते बरोबर आहे. पण शुक्रवारनंतर.

पांदणरस्ता:
ताई सिकलसेलवाल्या का? भाचीची सोल्युबिलिटी (सिकलसेलची पहिली रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, घरचे घाबरले आहेत.

वैनगंगाकाठ:
हो, त्या आनुवंशिक रक्तविकारावरच काम करते. त्या तपासणीवरून मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी करायला लागेल, ग्रामीण रुग्णालयात विचारा. वाहक असेल तर सहसा त्रास होत नाही, पण लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी झाली पाहिजे. मधेच ताप किंवा अंगदुखी आली तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.
आणि पुस्तकघर, माहेरचं प्रोफाइल सापडलं! एकत्र मांडले तर सातव्या पेपरला ८ सायटेशन, आठव्याला ६. म्हणजे ७ ना? स्कॉलरमध्ये हाडांच्या शस्त्रक्रियेचे दोन पेपर होते, ते माझे नाहीतच. काढले.

पुस्तकघर_पुलगाव:
बरोबर, ७. पुढं "स्कोपस, दोन प्रोफाइल मिळून" आणि आजची तारीख लिहा. सोबत डीओआयसकट (प्रत्येक पेपरचा कायमचा क्रमांक) पेपरांची यादी आणि नाव बदलल्याचं राजपत्र किंवा लग्नाचा दाखला जोडा.

वैनगंगाकाठ:
राजपत्र नाही केलं. दाखला आहे, तोच जोडते.